सहा चिठ्ठ्या, एक खण

३ तारीख, सोमवार

आज पुन्हा तेच! "काकू, फ्रिज उघडू?" कशाला, तर पाणी प्यायला. नवऱ्याच्या मोठ्या लेकीला या घरात येऊन तीन आठवडे झाले, अजून पाणी विचारून पिते. "काकू, दिवा लावू?" "काकू, इथे बसू?" बस ना बाई! कारखान्याच्या स्टोअरमध्ये दिवसभर माणसं माझ्या खिडकीशी मागणीचे कागद घेऊन उभी असतात. घरी आलं तरी सुटका नाही.

निळी बॅग अजून दाराशीच. कपडे तिच्यातून काढते, धुऊन वाळले की घडी घालून पुन्हा तिच्यातच. तिच्यासाठी रिकामा केलेला खण तसाच रिकामा. पाय भरून आलेत. पुरे आज.

४ तारीख, मंगळवार

मोठीच्या मामांचा फोन. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचे भाऊ. रविवारी दहाला येतायत. "रुळली नसेल तर सांगा, वसतिगृहात नाव घालू. तुम्हालाही उगाच त्रास नको." बोलणं गोड, पण मनाशी ठरवून टाकलेलं.

नवरा काय म्हणाला? "तू म्हणशील तसं." वा! लेक तुझी. दोन वर्षांची होती तेव्हा आई गेली, म्हणून आजोळी ठेवलीस ती आठ वर्षं. आता आजीलाच उठायला आधार लागतो, म्हणून इकडे आणलीस. आणि ठरवायचं मी!

खरं लिहू? फोन ठेवल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं. मग इतकी लाज वाटली की मोठीच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. तिने शेवटच्या शितापर्यंत संपवलं. भूक नव्हती बहुतेक.

५ तारीख, बुधवार

कंटाळा. बॅग दाराशी.

६ तारीख, गुरुवार

धाकटा कुठूनतरी खजिना शोधायचा खेळ ऐकून आलाय. घरात लपवायचा म्हणे, चिठ्ठ्या लिहून. पाच वर्षांचं पोर, पण एकदा मागे लागला की जीव नकोसा करतो. "आई, कधी? आई, आज?" नाही म्हणणार होते. मग डोक्यात आलं — खजिना शोधायचा तर कपाटं उघडावीच लागणार! विचारत बसायला वेळच नाही. विचारत बसली तर हा पुढे पळणार.

खजिना मोठीच्या खणात ठेवायचा. एकदा तरी हात लागेल त्याला.

७ तारीख, शुक्रवार

दोघं खाली खेळायला गेली तेवढ्यात उरकलं. स्टोअरमधली जुन्या मापाची लेबलं रद्दीत जाणार होती, ती आणली. सहा चिठ्ठ्या. "जिथे दूध गार राहतं तिथे बघा." "जिथे चपला झोपतात तिथे बघा." असंच कपडे धुवायचं मशीन, डब्यांची फळी, धाकट्याची उशी, शेवटी ताईचा खण. खणात स्केचपेनं आणि बिस्किटांचा पुडा. सगळं जागच्या जागी लावून टाकलं. पाठ मोडली. पण काम चोख.

८ तारीख, शनिवार

काम चोख! डोंबल!

"फ्रिजपासून सुरुवात," मी म्हटलं. धाकटा धावला. चिठ्ठी मोठीने वाचली — "जिथे दूध गार राहतं तिथे बघा." धाकटा फ्रिजमध्ये डोकं घालून, "आई, इथेच तर आहे दूध!" दुधाची पिशवी काढून उलटीसुलटी केली. पुन्हा चिठ्ठी. पुन्हा दूध. मग भोकाड.

मलाही आधी कळेना. मोठी हळूच म्हणाली, "काकू, फ्रिजची चिठ्ठी फ्रिजमध्ये नाही ठेवायची. ती आधीच्या जागी असते."

बावीस वर्षं स्टोअर सांभाळतेय. ज्या रॅकचं लेबल त्या रॅकला — हात दुसरं काही करतच नाहीत! सहाच्या सहा चिठ्ठ्या मी आपापल्या जागी चिकटवून आले होते. मी मटकन खुर्चीत बसले आणि हसू आवरेना. मोठीही हसली. पहिल्यांदा. तिचा एक दात वाकडा आहे, मला माहीतच नव्हतं.

"तू बसून राहा, मी लावते," म्हणाली. (तुम्ही नाही — तू!) आणि निघाली. मशीनचं झाकण उघडलं, चपलांचं कपाट, डब्यांची फळी, सगळं धाडधाड. एकदाही विचारलं नाही. तिचा खणही उघडला, आतला खजिना पाहिला, चिठ्ठी तेवढी काढून घेतली आणि बंद केला. मग धाकट्याला घरभर पळवलं.

वाटलं, जमलं! पण झोपायच्या आधी पाहिलं तर बॅग दाराशीच. उद्या मामांना काय सांगू? ती जाऊ नये असं मला वाटतंय. हे कधीपासून वाटायला लागलं, देव जाणे.

९ तारीख, रविवार, सकाळ

मामा यायला अर्धा तास आहे. दाराशी बॅग नाही! खिडकीकडे धावले — स्वतःच भरून खाली जाऊन उभी राहिली की काय? नाही. दोघं आत भांडतायत, स्केचपेनांवरून. बॅग माळ्यावर, रिकामी.

आणि खणावर माझ्याच स्टोअरचं उरलेलं लेबल, हिरव्या स्केचपेनाने लिहिलेलं — "ताईचा खण. विचारल्याशिवाय उघडायचा नाही."

नाही उघडला.