गुलाबाचा फोटो

६ नोव्हेंबर २००६, आर्वी

आले बाई एकदाची! सुलोचनामावशीनं आल्याआल्या झुणका-भाकर वाढली आणि म्हणाली, "आता मोकळ्या मनानं राह्यजो. इथं तुले कोणी वळखत नाई." बस डेपोसमोर धनंजयभाऊंच्या इंटरनेटच्या दुकानात कामही मिळालं. आठ काँप्युटर, प्रत्येकाला लाकडी खोपटं आणि निळा पडदा. आत धूळ नको म्हणून चपला दारातच काढायच्या. त्यावरून भाऊ भल्याभल्यांना झापतात. मला मज्जा वाटली.

आमच्या नाचणगावात सगळ्यांना सांगितलंय, अंकिता नागपूरला शिकायला गेली. धर्मेंद्रलाही तेच कळू दे. मी त्याला लग्नाला नकार दिल्यापासून तो रोज घरासमोरच्या ओट्यावर येऊन बसायचा, लाल वायरनं शिवलेले सँडल काढून, पाय हलवत. एकदा म्हणाला होता, कुठंही जा, शोधून काढीन.

१४ नोव्हेंबर

मैत्रिणी तुटू नयेत म्हणून चॅटिंगला जुन्याच नावानं बसते. तिथं एक नवा भेटलाय, 'शांतमन'. बोलतो छान, हसवतो. पण आज त्यानं विचारलं, आईचा गुडघा कसा आहे? गुडघ्याचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मी चटकन चॅट बंद केलं.

१५ नोव्हेंबर

समोरचा कुठून बोलतो ते कळतं का, असं भाऊंना विचारलं. एकदम खुलले. फोटो पाठवला की तेवढ्यापुरते दोन काँप्युटर थेट जोडले जातात, त्या वेळी आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत पाहिलं तर समोरच्याचा आयपी नंबर, म्हणजे त्याच्या लाइनचा पत्ता, दिसतो म्हणे. मी शांतमनला गुलाबाचा फोटो पाठवला. नंबर दिसला! बाहेरचा आहे, भाऊ म्हणाले. दुकानातला असता तर १९२.१६८ नं सुरू झाला असता. तसे नंबर इथं प्रत्येक काँप्युटरवर चिकटवलेत.

म्हणजे तो कुठंतरी लांब आहे. जीव भांड्यात पडला.

१६ नोव्हेंबर

सहज विचारलं, त्यालाही आपला नंबर दिसला असेल का? भाऊ हसले. "मंग! जोडणी काय एकाच बाजूनं होते काय पोरी?" मग कौतुकानं दाखवलं. कापसाच्या भावाचं इंटरनेटवरचं पान ते दुकानाच्या याच लाइनवर चालवतात. आपला नंबर टाइप केला की ते उघडतं. वर दुकानाचं नाव, बस डेपोसमोर, आर्वी. खाली फोटो, काउंटरवर मी, दात काढून हसताना.

तो फोटो तिथून काढून टाका म्हटलं. "काऊन? चांगला तर आला." मग रडत रडत सगळं सांगितलं. लगेच काढून टाकला त्यांनी. पण त्यानं आधीच पाहिला असेल तर?

१७ नोव्हेंबर, दुपार

भाऊ मावशीला आणायला गेलेत. तिघं मिळून पोलीस ठाण्यात जाणार. मी मागं चहा टाकून आले. दुकानात कोणी नाही.

चॅटवर शांतमन आलाय. काही लिहिलं नाही, नुसता फोटो पाठवला. घ्यायचा नव्हता, पण नंबर बघायचा होता. घेतला.

माझाच गुलाब.

काळी खिडकी उघडली. १९२.१६८—

शेवटी सात. सात म्हणजे दाराजवळचं खोपटं. पडदा ओढलेला. सकाळी मीच सगळे पडदे बाजूला सारून ठेवले होते.

भाऊंना फोन लावलाय, नुसता वाजतोय, उचलत नाहीत. बाहेर जायचं तर त्याच्यासमोरूनच—

कुणी हे वाचलं तर— धर्मेंद्र, नाचणगावचा—

दारात माझ्या चपला. शेजारी लाल वायर—

स्क्रीनवर अक्षरं. चहा एकटीच पिणार का, विचारतोय.

पडद्याखाली पाय. अनवाणी. हलताहेत.

आता हलत नाहीत. तो उभा—