चौदा फुटांचा तंबू

३ एप्रिल १९७३, मंगळवार

हे काल पहाटे परत साइटवर गेले. वैरागच्या पलीकडे पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू आहे, हे तिथले ओव्हरसिअर. खात्याने राहायला एक छोलदारी, म्हणजे टीचभर तंबू, दिला आहे. खाट टाकली की माणसाला जागा नाही आणि माणूस उभा राहिला की खाटेला नाही, असं यांचं म्हणणं. जाताना चपला घालता घालता म्हणाले, "मोठी सुट्टी लागली की तुम्ही दोघी या की तिकडं. उन्हात राहता येईल असा तंबू बघून ठेव."

दोघी म्हणजे मी आणि आमची मिनी. परत एकदा विचारून घ्यावंसं वाटलं, पण सासूबाई दारातच उभ्या होत्या. (यापुढे सा.बा. एवढाच उल्लेख. सगळा मान घरात देते, वहीत तरी नको.)

लग्नाला आठ वर्षं झाली. दोन खोल्या, चार मोठी माणसं, मिनी पाचवी. सा.बां.चं अंथरूण मधल्या दारात, आडवं. हे शनिवारी येतात, सोमवारी जातात. त्या दीड दिवसात आमचा संवाद म्हणजे 'पंचा कुठाय' आणि 'भाकरी वाढू का'. आता सहा आठवडे. फक्त आम्ही. लिहितानाही कान तापले.

१० एप्रिल, मंगळवार

शाळा सकाळची. सुटल्यावर थेट मंगळवार पेठेत लतीफभाईंकडे. ताडपत्र्या आणि लग्नाचे मांडव शिवणारा माणूस, पण यंदा दुकानभर तंबूच. "लग्नं कुटं हायत यंदा, बाई? जो तो सायब तंबू मागतोय."

हिरवं कापड डोळ्यांना छान गार वाटलं. लतीफभाईंनी ते माझ्या हातातून काढूनच घेतलं. "दिसायला गार. आत बसलं की भट्टी. पांढरं जाड घ्या, आतनं पिवळं अस्तर." छत दुहेरी हवं, दोन्हींमध्ये वीतभर फट, तिथून वारा जातो. कनाती, म्हणजे कापडी भिंती, चारी बाजूंनी वर गुंडाळता यायला हव्यात. मुरमात लोखंडी खुंट्या, काळ्या रानात लाकडी, त्याही हातभर लांब. हे सगळं तिसरी ब च्या हजेरीपटामागे उतरवून आणलंय. हेडबाईंनी पाहिलं तर माझी हजेरी घेतील.

दोन तंबू पसंतीला काढले. एक दहा बाय दहा, सरळ एक खोली. दुसरा चौदा बाय बारा. त्याला मध्ये एक जादा कनात. लतीफभाईंनी ती सोडून दाखवली. "ही आडवी सोडली की आत येगळी खोली. जनान्याला बरं पडतं."

बाहेरच्या भागात मिनी. आत आम्ही.

म्हटलं, हाच ठेवा दोन महिने भाड्याने. त्यांनी विचारलं, "माणसं किती?" मी म्हटलं, तीन. त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि अस्तर नवीन घालून देतो म्हणाले.

१४ एप्रिल, शनिवार

हे आले. तोंड रापून काळं, ओठ फुटलेले. चहा झाल्यावर तंबूचं सांगितलं. "चौदा बाय बारा? एवढा कशाला? आपण तीन माणसं."

सा.बा. तिथेच गवार मोडत बसलेल्या. आतल्या कनातीचं कसं सांगणार? म्हटलं, "हवेशीर राहील. शिवाय कोणी आलं-गेलं तर..."

जीभ चावली, पण शब्द बाहेर पडून गेला होता. यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग "बरं" म्हणाले आणि मिनीला घेऊन खाली गेले.

'कोणी आलं-गेलं तर.' वर्गात मुलींना स्पष्ट बोला म्हणून दिवसभर ओरडते मी.

२२ एप्रिल, रविवार

अक्कलकोटहून वन्संचं कार्ड. सुट्टीत तिन्ही मुलांना घेऊन येते, तंबूत राहायची मुलांना फार हौस आहे. मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे, कारण घरातल्या बायकांत शिकलेली मी. वाचून कार्ड फळीवर ठेवलं. सा.बां.कडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "चौदा फुटाचा हाय म्हणं तंबू. मग म्या तरी हितं भिंती बघत का बसू? मी बी येते की."

म्हणजे सा.बां.चंच काम. लेकीला गुपचूप निरोप धाडला असणार. या बाईला माझं एक सुखही गिळवत नाही. हे शेजारी बसून पेपर वाचत होते. तोच पेपर, तेच पान, अर्धा तास.

२९ एप्रिल, रविवार

आज निकाल लागला. परीक्षेचा नव्हे, माझा.

मामंजी घर सोडून कुठे जात नाहीत. मिलमधून रिटायर झाल्यापासून त्यांचं जग म्हणजे ओटा आणि तंबाखू. त्यांना दोन वेळचं कोण करणार? आणि नळ. तिसऱ्या दिवशी येतो, तोही पहाटे, अर्धा तास. आपला हंडा लागला नाही तर तीन दिवस चाळीत दारोदार तांब्या घेऊन फिरा. सा.बा. म्हणाल्या, "तू तरणी हायस, हंडं उचलशील. माझं कंबार गेलं. आठ-पंधरा दिसांनी ये की मग."

मी यांच्याकडे पाहिलं. हे नखं काढत होते. डाव्या हाताची झाली, उजव्या हाताची झाली. मग म्हणाले, "आई म्हणते ते बरोबर आहे. नळाचं कोण बघणार?"

मिनी जाणार. वन्संची मुलं आहेत ना, तिला करमेल. ती आनंदाने उड्या मारत होती.

मी "बरं" म्हटलं. त्या एका शब्दाचा मला इतका संताप आला आहे की पातेली आपटत होते, तर सा.बा. म्हणाल्या पोचे पडतील.

२ मे, बुधवार

सगळे ट्रकमधून गेले. तंबू मीच लतीफभाईंकडून ताब्यात घेतला. खुंट्या, दोर, मधला खांब, आतली कनात. ती कनात वेगळी घडी करून दिली होती त्यांनी. ट्रकमध्ये चढवताना विचारलं, "तुमी न्हाय चाललात?" म्हटलं, नंतर. भला माणूस, दुसरीकडे बघायला लागला.

हे पुढे ड्रायव्हरशेजारी. हात केला त्यांनी. मीही केला. काय करणार?

९ मे, बुधवार

घरात मी आणि मामंजी. पत्रा तापून दुपारी चटणीचा डबाही हाताला चटका देतो. तंबूत यापेक्षा गार असेल, पांढरं कापड, दुहेरी छत, मीच निवडलेलं. या विचाराने आणखी गरम होतं.

आज जेवताना मामंजी आपणहून बोलले. आठ वर्षांत तिसरी किंवा चौथी वेळ. "तुला माझ्यासाठी ठेवली म्हणं."

म्हटलं, हो.

"म्या न्हवतं सांगितलं. मला भाकरी थापता येती. मिलमंदी पाळी करून थापलीय म्या, तुझी सासू माहेरी असायची तवा. नळ बी बघतो. तू जा."

एवढं सोपं होतं? कोणी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. मीही नाही. सुनेने सासऱ्याला कसं विचारायचं म्हणून आठवडाभर हंडे भरत बसले. सा.बां.इतकाच माझा स्वतःचाही राग आला.

रविवारच्या पहिल्या एस.टी.ने जाते.

१४ मे, सोमवार. साइटवर

काल दुपारी पोचले. माळावर तंबू लांबूनच दिसला. मोठा, पांढरा, ऐटदार. खरंच आत हवा खेळते, काय खोटं बोलू? लतीफभाई शब्दाला जागले.

आतली कनात सोडलेली आहे. आत वन्सं. उन्हाने डोकं चढतं म्हणून आडव्या, उशाशी कांदा. बाहेरच्या भागात सा.बा., चार मुलं, स्टो, पिठाचे डबे. हे तंबूत नाहीतच! छोलदारीतच झोपतात, मस्टरच्या वह्या उशाला घेऊन. म्हणाले, "इथं गर्दी होते गं."

मिनीने मला पाहून पहिला प्रश्न विचारला, "आई, तू परत कधी जाणार?" सहज विचारलं पोरीने. तरी लागलं.

संध्याकाळी बांधाकडे गेले. कामावरच्या बायांना तंबू कुठला? चार काठ्यांवर जुनं लुगडं, तेच घर. एक तरुण जोडपं तसल्या सावलीत कामावर वाटलेली सरकारी सुकडी खात बसलं होतं. ती काहीतरी सांगत होती, तो हसला, तिने त्याला खडा मारला. दिवसभर माती वाहिलेली माणसं. मला त्यांचा हेवा वाटला. दुष्काळात डोक्यावर लुगडं ताणून बसलेल्या बाईचा हेवा! लाज वाटली. पण हेवा गेला नाही.

रात्रीचा स्वयंपाक करताना सा.बां.ना टोमणा मारलाच. म्हटलं, लेकीला बोलावून घेतलंत ते बरं झालं, मुलांना मजा आली. त्या पीठ मळता मळता थांबल्या. "म्या कुटं बोलावली? त्यानंच कार्ड टाकलं तिला. मला बी त्योच म्हणला, चल. म्या तर समजले, तुमी तिघंच जाणार."

खोटं बोलत नव्हत्या. वाईट असल्या तरी खोटारड्या नाहीत.

१५ मे, मंगळवार. परत सोलापुरात

राहिले नाही. काय म्हणून राहायचं?

हे फाट्यापर्यंत पोचवायला आले. मैलभर वाट, दोघंच. आठ वर्षांत आम्ही दोघंच इतकं कधी चाललो नव्हतो. ऊन मी म्हणत होतं. विचारलं, "वन्संना कार्ड तुम्ही टाकलंत?"

त्यांनी वाटेतला खडा चपलेने उडवला. मग म्हणाले, "तू तंबू एवढा मोठा ठरवलास. मला वाटलं, तुलाच माणसं पाहिजेत. एकटीला माळावर करमणार नाही."

"मग मला मागे का ठेवलंत?"

"आई तसं म्हणाली, आणि तू बरं म्हणालीस."

"आणि तुम्हाला कोण पाहिजे होतं?"

त्यांनी कपाळावर हात धरून रस्त्याकडे पाहिलं. "एस.टी. आली बघ."

एस.टी. दिसतही नव्हती. चांगली दहा मिनिटांनी आली. ती दहा मिनिटं आम्ही बाभळीखाली उभे राहिलो आणि ते यंदाच्या खोदाईबद्दल बोलले.

११ जून, सोमवार

शाळा सुरू. मंडळी परवा परतली. वन्सं अक्कलकोटला. मिनी काळीकुट्ट आणि धीट झाली आहे. तंबू लतीफभाईंना पोचवला. अस्तराला फोडणीचे डाग पडले होते. मी माफी मागितली, ते म्हणाले, "ऱ्हाता तंबू हाय बाई, डाग पडायचेच."

यांची बदली थेट जेऊरकडच्या कामावर. तिथूनच हजर झाले, घरी आले नाहीत.

१४ जून, गुरुवार

जेऊरहून यांचं कार्ड. काम वर्षभराचं. गावात जागा नाही, तंबूतच राहावं लागणार. शेवटची ओळ: 'लतीफभाईंना केवढा तंबू सांगू, ते कळव.'

मी शाळेतून येईपर्यंत कार्ड शेजारणीने वाचून झालं होतं, चाळीत उत्तरंही तयार होती. सा.बा. म्हणाल्या, "चौदा फुटी ब्येस हुता." मामंजी तंबाखू मळत माझ्याकडे बघत राहिले.

यांनी मला का विचारलं? खरंच विचारत आहेत, की नुसतं मापच विचारत आहेत? त्या माणसाला मी ओळखत नाही. त्यांच्या शर्टाची बटणं लावते, त्यांच्या आवडीचं पिठलं करते, आणि ओळखत नाही.

हेडबाईंना विचारलं. बिनपगारी रजा मिळेल म्हणाल्या.

१६ जून, शनिवार

पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं. यांना आजवर बंद पत्र लिहिलेलं नाही. कार्डच, तेही सगळ्यांच्या वतीने, 'इकडील सर्व क्षेम'. मुली गेल्यावर वर्गातच बसून लिहिलं:

'दहा बाय दहाचा सांगा. मी रजा काढते. मी आणि मिनी येऊ, आणखी कोणी नको. मागचा मोठा घेतला तो माणसांसाठी नव्हता. त्याला आत वेगळी खोली होती, म्हणून घेतला. मला तुमच्याजवळ राहायचं आहे.'

एकदा वाचलं. एवढ्या चार ओळींना आठ वर्षं लागली. त्यांनीही कधी लिहिल्या नाहीत. त्याचा राग आहेच आणि तो जाणार नाही.

आता यात दोन अर्थ निघत नाहीत. 'मला वाटलं' म्हणायची सोय नाही. आणि हे वाचूनही त्यांनी अक्कलकोटला कार्ड टाकलं, किंवा आईला चल म्हणाले, किंवा काहीच कळवलं नाही, तर मग मला कळेल. कायमचं कळेल. त्यानंतर याच घरात, याच दारातून त्यांना भाकरी वाढायची.

पत्र चिकटवलेलं नाही. आज तरी सगळा दोष तंबूला देता येतो.