विसाव्या लेखाला एक उल्लेख कमी

चि. धाकटीस थोरल्या ताईचा पोतंभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? माझा मोतीबिंदू काढल्यापासून मला सगळ्यांच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात, माझ्यासुद्धा, म्हणून आरशाकडे जाणं कमी केलंय.

पत्रास कारण आपली नात. ती पेशींवर संशोधन करते हे तुला ठाऊक आहेच. (पेशी म्हणजे आपलं अंग ज्या बारक्या बारक्या खोल्यांचं बनलंय त्या. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हे मी शेजारणीलाही समजावते.) आता तिची नोकरी कायम व्हायची वेळ आली, तर समिती म्हणते, तुमच्या लेखांचा दाखला दुसऱ्या शास्त्रज्ञांनी किती वेळा दिला ते मोजू. आकडा वीस हवा. म्हणजे वीस लेख असे, की प्रत्येकाचा उल्लेख निदान वीसदा झालाय. हिचे एकोणीस लेख पार झाले आणि विसावा एकोणीस उल्लेखांवर अडून बसला तो बसलाच. एका उल्लेखापायी पोर वाळली गं.

हा विसावा लेख कसला, तर फाटलेली पेशी स्वतःला कशी सांधते त्याचा. आणि तो सुचला कुठे? आपल्या रफूच्या दुकानात! आठवतं? खिडकीखालचं ते अरुंद टेबल, एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी, मधे भिंग, आणि टेबलाखाली ही चार वर्षांची, चिंध्या गोळा करत. कोटाचं भोक बुजलं की भिंगातून बघून विचारायची, "आजी, भोक कुठे गेलं?" तू म्हणायचीस, "माझ्या पोटात." मग ती खरोखर तुझं पोट चाचपायची. लेखाच्या शेवटी आभारांत छापलंय, 'रफू शिकवणाऱ्या आजीस'. तो कागद मी वाण्यालासुद्धा दाखवला.

मग म्हटलं, एक उल्लेख आपल्याच्याने होत नाही का? दूधवाल्याच्या चिठ्ठीखाली लेखाचं नाव लिहिलं. लिफ्ट बंद असल्याच्या तक्रारीखाली लिहिलं. (सेक्रेटरी घरी येऊन अदबीने विचारून गेले, "आजी, हे लिफ्टमध्ये नेमकं कुठे बसवायचं?") दातांच्या डॉक्टरकडे 'पूर्वीचे आजार' या रकान्यातही लिहिलं, तर त्याने घाबरून दात काढणंच रद्द केलं. असे सतरा उल्लेख जमवून नातीपुढे ठेवले. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "आजी, अगं शास्त्रज्ञांनी लेखात केलेलेच धरतात. आणि आपलं आपण केलेलं तर समिती बाजूलाच काढते." म्हणजे आपली पाठ आपणच थोपटलेली चालत नाही. कारभार कडक आहे हो!

पण धाकटे, काल विसावा उल्लेख आला! कुणा परदेशी प्राध्यापकाने केला, देव त्याचं भलं करो. नोकरी पक्की समज. मी दारात उभी राहून अशी ओरडले की सगळा जिना थांबला. (लिफ्ट अजून बंदच, त्यामुळे ऐकायला माणसं भरपूर होती.)

तुझी ताई

ता. क. तो उल्लेख 'हे चुकलं आहे' असं सांगायला केलाय. मोजताना तोही धरतात म्हणे. प्राध्यापकाचं म्हणणं, फाटल्या जागी भरायला पेशी बाहेरून काही आणत नाही, स्वतःच्या आतलंच काढून भरते.

आणखी एक ता. क. हे ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. बाजारातून जुळता धागा आणून भरायची ती मी. कोटाच्या आतल्या शिवणीतला धागा उसवून तोच भरायचीस ती तू. भोक शोधून सापडायचं नाही ते तुझं काम. गिऱ्हाइकाने वाखाणलं की मी पुढे, आणि तू मागे मान खाली घालून सुई ओवत. नातीलाही मी आजवर माझंच खरं म्हणून शिकवलं. आज तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून भिंग घेऊन बसलीय, "करून दाखव" म्हणून. मला तो टाका कधी आलाच नाही गं. तू ये, गुडघ्यांसकट ये. जिन्यात दर मजल्यावर खुर्ची ठेवते. पुढच्या लेखाचे आभार तिने आधीच लिहून ठेवलेत. फक्त शाळेत तुझं पूर्ण नाव काय लावलं होतं ते कळव. शास्त्रज्ञांच्या कागदात नुसतं 'धाकटी' चालत नाही म्हणे.