नव्याच्या खोक्यात जुना पंप

सोमवार, ९ मार्च

गाडीखाली पुन्हा हिरवं डबकं. टेम्परेचरचा काटा लालजवळ. गॅरेजवाल्याने वाकूनही न बघता सांगितलं, वॉटर पंप गेला. ज्या फडक्याने त्याने हात पुसले, त्याच फडक्याने माझ्यासाठी चहाचा कप पुसला. चहा घेतला नाही. गाडीही दिली नाही. पंप मीच बदलणार.

रविवारी मुलीला तिच्या नोकरीच्या गावी सोडायचं आहे. दिवसभराचा रस्ता. ती आणि मी, मागे सामान. बायको मुद्दाम येत नाही. म्हणाली, तुम्ही दोघं जरा बोला तरी. वर्षभरात मी मुलीशी जे बोललो ते बहुतेक ‘दाराची कडी नीट लाव’ एवढंच, असं तिचं निरीक्षण आहे. अतिशयोक्ती. रस्त्यात काय काय बोलायचं ते ठरवायला घेतलं आहे.

मंगळवार, १० मार्च

नवा पंप आणला. खोक्यात लखलखीत. या घरात इतकी स्वच्छ वस्तू दुसरी नाही.

व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस गप्पा मारत मारत पंप बदलतो. नखं इतकी घाण की अर्ध्यावर बंद केला. मुद्दा कळला.

मेहुण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, कशाला कुटाणा करताय, माझी गाडी आहे की. त्याच्या गाडीत अत्तर आणि मोजे यांचा मिळून एक वास असतो. नम्रपणे नकार दिला. गुरुवारपर्यंत काम फत्ते, असंही सांगितलं. बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला आवडत नाही.

बुधवार, ११ मार्च. रजा.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, काढलं. खोकल्याच्या औषधात उंदीर मेल्यासारखा वास. कपडे भिजवायच्या टबात साठवलं. दुसरं भांडं नव्हतं. बायकोला सांगायचं आहे.

बेल्ट काढला. शेवटचा बोल्ट हलेना. हलला तेव्हा उरलेलं कूलंट बाहीतून काखेपर्यंत गेलं. जुना पंप बाहेर आला. आत तपकिरी गाळ, मोरीच्या जाळीत साचतो तसा. जेवण गेलं नाही.

आता नियमाचा प्रश्न. नियम माझाच आहे: नवी वस्तू आली की जुनी तिच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवायची. इस्त्री, मिक्सर, पंखा, सगळे तसेच वर आहेत. बायको माळ्याला शवागार म्हणते. पण माळा आमच्या पलंगाच्या वर. हा गाळ डोक्यावर घेऊन मी झोपणार नाही.

म्हणून जुना पंप बाथरूममध्ये धुतला. साबण, सोडा, जुना टूथब्रश. दुपार गेली. पण असा उजळला की त्यात तोंड दिसावं. मुलीला बोलावून दाखवला. ती म्हणाली, छान. टूथब्रश जुना नव्हता, असं बायकोचं म्हणणं.

गुरुवार, १२ मार्च

दोन्ही पंप अंगणात स्टुलावर ठेवले होते, शेजारी कालचा कूलंटचा टब. मी इंजिनावर चिकटलेली गॅस्केटची जुनी पट्टी खरवडत होतो. शेजाऱ्यांचं मांजर स्टुलावर चढलं. डुबुक. एक पंप टबात.

टबावर आतापर्यंत साय धरली होती. त्यात एक झुरळ. मांजराला काही शरम नाही. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली, तोंड फिरवलं, पंप चाचपून काढला आणि तसाच खोक्यात कोंबला. चिकटपट्टी मारली. माळ्यावर टाकला. पुन्हा धुणार नाही. माणसाच्या सोसण्याला मर्यादा असते.

मुलीने विचारलं, बाबा, पडला तो कोणता? मी म्हटलं, स्टुलावर चकचकीत आहे तो नवा, एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तिने आधी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईवर गेली आहे.

पंप बसवला. एक बोल्ट उरला. कंपन्या जास्तीचा देत असाव्यात.

शुक्रवार, १३ मार्च

नवं कूलंट भरलं. गाडी सुरू केली. दोन मिनिटं. एक थेंब नाही. बंद केली, उगाच कशाला ताण.

मेहुण्याला फोन करून सविस्तर सांगितलं. त्याने मध्येच दुसरा फोन आल्याचं निमित्त केलं. चालायचंच.

बायकोने टब टाकून दिला. मी घासून देणार होतो.

शनिवार, १४ मार्च

मुलीला घेऊन ट्रायल. मोठ्या चौकापर्यंत काटा सभ्य. सिग्नलला वाफ. बॉनेटखाली हिरवी धार. ती उतरली आणि ढकलू लागली, मी स्टिअरिंग धरलं. मागचा रिक्षावाला तिला म्हणाला, ताई, काकांनाही उतरवा, वजन कमी होईल. पचकन थुंकला आणि मग ढकलायला आला. काच वर घेतली.

निष्कर्ष: नवा पंप निकृष्ट. हल्लीचा मालच असा. सोमवारी दुकानदाराच्या तोंडावर मारणार.

बायकोने स्वयंपाकघराचं दार लोटून भावाला फोन केला. फार लवकर संपला. आधीच ठरल्यासारखा.

रविवार, १५ मार्च

मेहुणा पांढरे बूट घालून आला. गादी, बादली, पुस्तकं यांनी त्याच्या गाडीची मागची सीट भरली. पुढे एकच जागा. ती मुलीची.

कपबशा ठेवायला एक खोकं कमी पडलं. बायकोने माळ्यावरचं पंपाचं खोकं काढून मुलीला दिलं, रिकामं कर म्हणाली. मी जवळच उभा होतो.

मुलीने पंप बाहेर काढला. गाळ वाळला होता. तिने तो अंगठ्याने पुसला. खाली दुकानाचा स्टिकर निघाला. तिने मामाकडे पाहिलं, तो आरशात केस बघत होता. मग हळू आवाजात म्हणाली,

“बाबा, नवा हा आहे.”

मी म्हटलं, मला वाटलंच होतं.

तिने पंप माझ्या हातात ठेवला आणि हात धुवायला गेली. मामाला काही सांगितलं नाही. गाडीत बसली. काच खाली केली आणि थांबली. ठरवलेलं सगळं आठवत होतं. पाच-सहा विषय होते. हातात तो बरबटलेला पंप.

“दाराची कडी नीट लावत जा,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली.

संध्याकाळ

मुलीचा मेसेज: पोचले. खोली बरी आहे. कडी लावली. महिनाअखेरीस येते, पंप दोघं मिळून बसवू. तोवर हात लावू नका.

नाहीतरी लावणार नव्हतो. मला त्याची किळस येते.

पंप धुऊन ओट्यावर ठेवला आहे. टूथब्रश माझा वापरला.