भोंग्यानंतर व्हायोला

ब्रोकन हिल,
मार्च १९३१

प्रिय आयडा,

तुझं पत्र पोचलं. तुमचं महिला संगीत मंडळ मेलबर्नला चहापानाचा कार्यक्रम करणार, 'जुन्या काळच्या स्त्री-संगीतकार' म्हणून माझा तो छोटा नाचाचा वॉल्ट्झ वाजवणार. "तुझं ते पाच वाद्यांचं नको गं गस्सी, बायकांना हलकंफुलकं लागतं," असं तू लिहिलंस. माझं उत्तर नाही. वॉल्ट्झ मिळणार नाही. आणि मी जुन्या काळची नाही. आज सकाळीच एका पोरीला तिसऱ्यांदा परत पाठवलं, नखं कापून ये म्हणून.

ते हलक्याफुलक्याचं वाक्य दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी पत्र चुलीत टाकलं असतं. तू लिहिलंस, म्हणून राग आला. कॉलेजात प्रोफेसरांनी हीच पाच वाद्यांची रचना चाळून म्हटलं होतं, "मुलींनी इतकं लांबलचक लिहू नये, दम लागतो." मी मान खाली घालून उभी होते. मागून तू म्हणालीस, "तिला नाही लागला, सर. तुम्ही हवं तर बसून घ्या." तुला वर्गाबाहेर काढलं, तर तू खिडकीखाली बसून व्हायोला वाजवत राहिलीस. व्हायोलिनपेक्षा मोठा, आवाजाने जाड, म्हणून बाकीच्या मुली त्याच्या वाटेला जात नसत. त्या रचनेतला व्हायोला मी तुझ्या हातासाठी लिहिला. मग तुझं लग्न झालं. डॉक्टरसाहेबांचे रोगी पुढच्या खोलीत बसायचे, म्हणून व्हायोलाची पेटी कपाटावर गेली. मी थोडे दिवस म्हणून इथे शिकवायला आले आणि राहिले.

इथली हवा अजून तशीच कोरडी. पियानोच्या पोटात पाण्याची बरणी ठेवली नाही तर लाकूड तडकतं. माझी मुलं सूर ओळखायच्या आधी बरणी भरायला शिकतात. आणि ती रचना आम्ही बसवतो आहोत. पियानोवर मी. पहिल्या व्हायोलिनवर खाटिकाची बायको मिसेस केव्हर्न, दुसऱ्यावर तिची मुलगी. चेलोवर जोरी, तो खाणीत ड्रिल चालवतो. परवा घाम पुसत म्हणाला, "बाई, यापेक्षा ड्रिल बरं. ते चुकलं तर कुणी पहिल्यापासून करायला लावत नाही." मिसेस केव्हर्न म्हणाली, "तू चेलो वाजवतोस की आमच्या दुकानातली हाडं कापतोस, ते आधी ठरव!"

कार्यक्रमाला हॉल शनिवारी दुपारचाच मिळतो, रात्री तिथे नाच असतो. आणि चार वाजता पाळी बदलते, खाणीचा भोंगा होतो. तो नेमका आमच्या संथ भागात येणार. हॉलचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई, जरा छोटं करा ना." जो उठतो तो मला छोटं करायला सांगतो! मी म्हटलं, छोटं होणार नाही, भोंगाही आत घेते. आणि घेतला. संथ भाग नव्याने लिहिला. भोंग्याच्या आधी सगळे थांबतात. त्या जागी लवकर पोचलो तर वाट बघू, या गावाला भोंग्याची वाट बघायची सवय आहे.

आता मुद्द्याचं. भोंगा थांबतो, आणि त्याचाच सूर धरून व्हायोला एकटा सुरू होतो. बराच वेळ दुसरं कुणीच वाजवत नाही. तालमीत त्या खुर्चीवर कुणी नसतं. आमचे पोस्टमास्तर म्हणाले, "मी येऊ का?" मी म्हटलं, जागा भरलेली आहे. जोरी म्हणाला, "कुणी भरलीय? मला तर खुर्चीच दिसते." मी तुझं नाव सांगितलं. तुमचं चहापान ज्या शनिवारी, त्याच शनिवारी आमचा कार्यक्रम. तारीख मी मुद्दाम तीच घेतली. दोन्हीकडे तुला जाता येणार नाही. सोबत तुझा भाग पाठवते आहे. पेटी कपाटावरून उतरव, नव्या तारा घाल, अ‍ॅडलेडमार्गे इकडची गाडी धर. तुझा भाग मी कुणालाही देणार नाही. तू आली नाहीस, तर भोंग्यानंतर आम्ही चौघं हात मांडीवर ठेवून, तो भाग जेवढा आहे तेवढा वेळ गप्प बसू. सगळं गाव विचारेल, मधेच बंद का पडलं? जोरी नाव सांगेल. तो खोटं बोलत नाही.

अजून तुझीच, आणि तितकीच हट्टी,
ऑगस्टा