न विचारता टिपलेल्या हसण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पासपोर्ट फोटोच्या दुकानाची मालकीण, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मोतीबिंदू काढल्यापासून डोळेही ठीक आहेत आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे एकमेव गृहस्थ, म्हणजे माझे यजमान, नऊ वर्षांपूर्वी वारले. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

कलम १. दुकान व वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला. या दुकानात यजमानांनी चाळीस वर्षे "हलू नका, हसू नका, हनुवटी वर" असे म्हणत फोटो काढले. सरकारी कागदाला तसाच चेहरा लागतो, त्यांचा दोष नाही. पण स्टुलावरून उठताना गिऱ्हाईक हुश्श करून खरे हसायचे आणि तो चेहरा कोणीच टिपायचे नाही. माझे वेड तिथून सुरू झाले. मुलीने प्रत्येकाचा तो एक जास्तीचा फोटो काढावा व फुकट द्यावा.

कलम २. छोटा कॅमेरा आणि भिंगापुरते भोक पाडलेली भाजीची पिशवी माझ्या नातीला. यजमानांना वाटायचे मी बाजारात जाते. जातच होते, फक्त भाजी आणायची राहायची. नात फोनवर एका दमात तीस फोटो काढते आणि त्यातला एक निवडते. तिला एवढेच सांगणे, की रस्त्यावर आधी पाय दुखेपर्यंत एका जागी उभे राहावे. लोक आपल्याला दिव्याचा खांब समजू लागले, की ते आपापले जगू लागतात. एकदा दोन हमाल मोठा आरसा वाहून नेत होते. मध्येच त्यांनी तो खाली टेकवला, दोघांनी त्यात बघून भांग पाडला आणि पुन्हा उचलला. "परत एकदा करा" म्हटले असते तर दोघेही लाजून पळाले असते. असे काही दिसले की दिवसभर मला भूक लागत नसे, इतका आनंद व्हायचा.

कलम ३. समोरच्या शिंप्याने पाटी वाढवून माझ्या दुकानातले दुपारचे ऊन अडवले. त्याला माफ केले आहे. पाटी मात्र काढावी.

कलम ४. माझी धाकटी जाऊ. तिचे दात जरा पुढे आहेत, म्हणून घरच्या एकूण एक फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी. चौदा वर्षांपूर्वी बसथांब्यावर वाऱ्याने तिची छत्री उलटी झाली आणि ती पोट धरून, सगळे दात दाखवून हसली. मी समोरच होते. तो माझ्या जन्मातला सर्वांत चांगला फोटो. मी तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. ती आली, म्हणाली, "माझे दात गावभर वाटलेत तुम्ही," आणि तेव्हापासून माझ्याशी बोलली नाही. फोटो मी त्याच दिवशी काचेतून उतरवला. विचारले असते तर तिने ओठ मिटले असते. विचारले नाही, तर जाऊ गमावली. मला तिची फार आठवण येते. म्हणून ती निगेटिव्ह व फोटो तिला द्यावेत. तिने जाळले तरी चालेल.

कलम ५. कोपऱ्यावरच्या घड्याळजींना काही ठेवलेले नाही. ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई सांगतात.

पुरवणी. इथवर लिहून झाले, पण दुसरे साक्षीदार पोस्टमन तापाने झोपलेले. तेवढ्यात दारात धाकटी जाऊ. मुलीने चुगली केली होती. जावेने न बसताच कलम चार वाचले आणि फोटो मागून घेतला.

"मी करते सही," ती म्हणाली.

वकीलबाई म्हणाल्या, "मग हा फोटो तुम्हाला मिळायचा नाही. दुकानाबरोबर मुलीकडे जाईल."

"आणि तिनं काचेत लावला तर?"

"तिची मर्जी."

जाऊ बराच वेळ फोटो बघत राहिली. "त्या दिवशी छत्रीपाठोपाठ माझी एक चप्पलही गेली होती, जाऊबाई. तुम्हाला ती टिपता आली नाही होय?" असे म्हणून तिने पेन मागितले.

मला रडू आले आणि हसूही. जित्याची खोड, हात पिशवीकडे गेला. पण या वेळी मी थांबले. "काढू का गं?"

"विचारता कशाला? विचारलंत की माझं तोंड मिटतं!" असे म्हणताना ती जी हसली, तो फोटो मी काढला आहे. कलम चार रद्द.

ठिकाण: दुकानाची पुढची खोली. मंगळवार, सकाळचे साडेअकरा.

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार:
१. घड्याळजी
२. धाकटी जाऊ (सही हसताना हलली आहे, तशीच ग्राह्य धरावी.)