सापगावच्या टाकीतले मासे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मुरबाडकडच्या गावांत कुणाच्या अंगणातल्या टाकीत वाकून बघताना मला आधी आपलं सापगावचं घरच दिसतं. मी आता आशाताई आहे. कुणाला ताप आलाय का विचारत दारोदार फिरते. तुम्ही आरोग्य सेवक म्हणून फिरायचात, तशीच.

त्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. गावात थंडीतापाची माणसं वाढत चालली होती आणि तुम्ही घरोघरी सांगत होतात, साठवलेलं पाणी ओता, त्यात डासांच्या अळ्या होतात. शेजारची काकू डोक्यावरची कळशी उतरवता उतरवता तुमच्यावर कडाडली, "लांबून आनलंय मी पानी. वता म्हनं! तुमच्या घरचं बगा आदी!" तुम्ही पुढच्या घराकडे वळलात.

थोड्याच दिवसांत मला हुडहुडी भरली. चुलीच्या उबेला मी गोधडीत पडलेय. कौलांतून आलेला उन्हाचा पट्टा भिंतीवर असा हलतोय, जणू सगळं घर पाण्याखाली आहे. तुम्ही माझं बोट हातात घेता. दिवसभर परक्यांची बोटं टोचणारे तुम्ही, माझं बोट आधी चोळून ऊब देता. "जरा दुखंल गो," म्हणता.

रक्तात मलेरिया निघाला. पहिली गोळी तुम्ही स्वतः मला दिलीत आणि सरळ परसात गेलात. गोठ्यामागच्या आपल्याच टाकीत अळ्या वळवळत होत्या. आई कुजबुजली, "कुनाला सांगू नका. लोकं हसतील."

"हसू दे. माज्या पोरीला झालं, ते त्यांच्या पोरींना नको."

तुम्ही काकूलाच हाक मारून टाकीजवळ आणलंत. "तुमी बोललात ते खरं, वयनी. बगा." तिनं वाकून बघितलं. हसली नाही. "पोर कशी हाय?" एवढंच तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डब्यातून गप्पी मासे आणलेत. ते अळ्या खातात, म्हणजे पाणी ओतायला नको. आधी आपल्या टाकीत सोडलेत, मग काकूच्या. पुढे तर बायका भांडी घेऊन मासे मागायला दारात येऊ लागल्या. ताप उतरल्यावर मी टाकीच्या काठाला बसून राहायचे. बारीक शेपट्या उन्हात चमकायच्या, पोटात बाळ हलायचं, आणि पाणी कुठलं नि मी कुठली, ते कळेनासं व्हायचं. ताप गावातून हळूहळू ओसरला. तुमची नात सुखरूप जन्मली. आता ती आटगावहून रोज लोकलनं कल्याणला कामाला जाते.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून कपाटात ठेवेन. एक मात्र सांगते. पाण्यात मासे कशाला, म्हणून कुणी अडवलं की मी म्हणते, "आमचे बाबा सांगतात." 'सांगायचे' म्हणायला जीभ वळत नाही. काल एकीनं विचारलं, "कुटं असतात तुमचे बाबा?"

मी म्हणाले, "सापगावला. घरीच असतात."